चर्च आहे म्हणजे लीगलच असणार ना?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचा धाकटा भाऊ बे एरियात एच-१बीवर आहे, ग्रीन कार्डची फाइल लागलेली आहे, आणि गेल्या वर्षी तो एका 'आयावास्का चर्च'चा मेंबर झालाय. आयावास्का म्हणजे ॲमेझॉनच्या जंगलातला भास घडवणारा काढा, ही चर्चेस तो तीर्थासारखा देतात. चर्चवाले सांगतात की आम्ही ५०१ सी ३, म्हणजे टॅक्समाफी असलेली संस्था, आहोत, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने या काढ्याला परवानगी दिलीये, आणि नेटिव्ह अमेरिकन लोकांसाठी जो कायदा आहे त्यातही आम्ही बसतो. पैसे भरले की फोटोवालं मेंबरशिप कार्ड येतं. घरचे काळजीत आहेत, हे सगळं खरं आहे का आणि भावाला उद्या काही होऊ शकतं का?

आधी उत्तर देऊन टाकते, गोष्टी नंतर. तिन्ही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे आणि तिन्ही एकत्र करून जे चित्र दाखवलं जातंय ते चूक आहे. आणि हो, भावाला होऊ शकतं, अमेरिकन नागरिक असलेल्या त्याच्या शेजारच्या मेंबरपेक्षा कितीतरी जास्त.

मी न्यू जर्सीत वकिली करते, अठरा वर्षं झाली. मुख्य काम देवळं, गुरुद्वारे, छोटी चर्चेस यांचं, म्हणजे टॅक्स, झोनिंग, पार्किंगवरून शेजाऱ्यांशी भांडणं वगैरे. त्यातून हळूहळू अशा लोकांची कामं यायला लागली ज्यांचं तीर्थच सरकारच्या यादीत शेड्यूल वनमध्ये, सगळ्यात कडक बंदीच्या गटात, बसलेलं आहे, म्हणजे हेरॉइनच्या पंगतीत. मी स्वतः कधी घेतलेलं नाही आणि घ्यायची इच्छाही नाही, मला चहा पुरतो. पण यातला कायदा मला मनापासून आवडतो.

एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. अमेरिकेत 'हे चर्च मान्यताप्राप्त आहे' असं सांगणारं कुठलंही खातं नाही, धर्मादाय आयुक्तासारखं ऑफिस नाही. कोर्ट जे देतं ते एवढंच, की या अमुक संस्थेच्या या अमुक लोकांना, या अमुक पद्धतीने हे पिण्यापासून सरकारने अडवायचं नाही. सूट त्या संस्थेच्या नावावर असते, काढ्याच्या नावावर नाही. रेशन कार्डासारखं आहे, शेजाऱ्याचं दाखवून आपल्याला साखर मिळत नाही.

आता मागे जाऊ या. १९६२, कॅलिफोर्नियात नीडल्स गावाजवळचं वाळवंट. नवाहो लोकांचा एक गट होगनमध्ये, म्हणजे त्यांच्या पारंपरिक झोपडीत, रात्रभराची पेयोटे पूजा करत होता. पेयोटे म्हणजे मेस्कलिन हे भास घडवणारं द्रव्य असलेलं बुटकं निवडुंग, मुंडीसारखा वरचा भाग कापून घेतात, मूळ जमिनीत ठेवलं की परत फुटतं, पण बीपासून तयार व्हायला दहाएक वर्षं लागतात. पोलीस आत शिरले तेव्हा एकाने काय केलं असेल, तर सोनेरी रंगाची एक फोटो फ्रेम पुढे केली आणि त्या फ्रेममध्ये होती नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या नोंदणीपत्राची फोटोकॉपी. आपल्याकडे दुकानात गल्ल्यामागे लायसन्स लावतात तशी. पोलिसांनी फ्रेम बघितली आणि अटक केलीच. पण १९६४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, पेयोटे हा त्या पूजेचा गाभा आहे, तो काढला तर धर्मच उरत नाही, आणि त्याने काही मोठं नुकसान होतंय हे सरकारला दाखवता आलेलं नाही म्हणून. फ्रेममधला कागद कामाला आला नाही, त्यामागची खरी पूजा आली. मी हा खटला प्रत्येक नव्या क्लायंटला सांगते, कारण सगळे येतात ते अशीच फ्रेम घेऊन.

मग १९९० आलं आणि सगळं उलटंपालटं झालं. ओरेगॉनमध्ये आल्फ्रेड स्मिथ आणि गेलन ब्लॅक नावाचे दोघं व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होते, नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या पूजेत पेयोटे घेतलं म्हणून नोकरी गेली आणि बेकारी भत्ताही नाकारला. जस्टिस स्कालिया यांनी निकाल लिहिला की कायदा सगळ्यांना सारखा लागू असेल, कुठल्या धर्माला टार्गेट करत नसेल, तर धर्माचं कारण सांगून सूट मागता येत नाही. यावर बाप्टिस्टांपासून ज्यू संघटनांपर्यंत आणि नागरी हक्कवाल्यांपासून कट्टर उजव्यांपर्यंत सगळे हादरले, कारण आज निवडुंग तर उद्या आमची वाइन, परवा आमचा शनिवार. १९९३ मध्ये काँग्रेसने रिलिजस फ्रीडम रिस्टोरेशन ॲक्ट केला, आम्ही वकील लोक 'रिफ्रा' म्हणतो, सिनेटमध्ये ९७ विरुद्ध ३, आणि क्लिंटननी सही केली. अशी बेरीज आज कुठल्या विषयावर होईल सांगा.

रिफ्रा काय म्हणतो? तुमची श्रद्धा प्रामाणिक आहे आणि सरकारी नियमाने तिच्यावर मोठं ओझं पडतंय हे तुम्ही दाखवलंत, की चेंडू सरकारच्या कोर्टात. मग सरकारने सिद्ध करायचं की याच माणसाला अडवण्यात फार मोठं सार्वजनिक हित आहे आणि कमी जाचक दुसरा मार्गच नाही. 'याच माणसाला' हे शब्द लक्षात ठेवा. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा कायदा राज्य सरकारांवर चालणार नाही, फक्त केंद्रावर. म्हणजे केंद्राकडून सुटलात तरी राज्याचा पोलीस आहेच, आणि हा बारीक मुद्दा बहुतेक चर्चवाले त्यांच्या माहितीपत्रात गाळतात.

गंमत म्हणजे ज्या पेयोटेमुळे हा कायदा आला त्याला त्याचा फारसा उपयोग करावाच लागला नाही. पेयोटेसाठी १९९४ मध्ये वेगळी दुरुस्ती झाली, आणि ती स्पष्ट आहे, केंद्राने मान्य केलेल्या जमातीचा सदस्य असलेला इंडियन माणूस, पारंपरिक विधीसाठी, पेयोटे. बस. इंडियन म्हणजे तिकडचे, आपण नव्हे, हा विनोद मी दरवेळी करते आणि दरवेळी कोणीतरी खरंच विचारतं. आयावास्का त्यात नाही, मशरूम नाही, गांजा नाही, आणि दोनशे डॉलरमध्ये कार्ड काढलेला सनीवेलमधला सॉफ्टवेअर इंजिनिअर तर नाहीच नाही. असली कार्डं विकणं हा एक जुना धंदा आहे. सांगायचं तर त्या कार्डाने एकच गोष्ट सिद्ध होते, की तुम्हाला हे बेकायदा असू शकतं याची कल्पना होती.

आता २००६. हा खटला नीट सांगते कारण सगळे त्याचंच नाव घेतात.

उनियाँव दो वेजेताल, सगळे यूडीव्ही म्हणतात, हा ब्राझीलमधला पंथ. १९६१ मध्ये जोझे गाब्रिएल दा कोस्टा या रबराचा चीक काढणाऱ्या माणसाने ॲमेझॉनच्या जंगलात सुरू केला. ख्रिस्ती श्रद्धा, पुनर्जन्मावर विश्वास, आणि होआस्का नावाचा काढा, म्हणजे आयावास्काच. मारिरी नावाची वेल मोगरीने कुटतात, शाक्रोनाची पानं धुऊन घालतात आणि मोठ्या भांड्यात तासन्‌तास उकळतात. पानात डीएमटी हे भास घडवणारं, शेड्यूल वनमधलं द्रव्य असतं पण नुसती पानं उकळून प्यायलात तर पोटातलं एक एन्झाइम त्याची वाट लावतं, वेलीतली द्रव्यं त्या एन्झाइमला अडवून धरतात म्हणून ते लागू पडतं. जंगलातल्या लोकांनी हजारो झाडांतून ही जोडी कशी शोधली असेल हा विचार करत बसलं की रात्र जाते. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी रात्री आठला सत्र सुरू, मध्यरात्रीपर्यंत. खुर्च्या मांडलेल्या, युनिफॉर्मसारखे शर्ट, प्रश्नोत्तरं, मधे मधे गाणी. पार्टी नव्हेच, बघायला गेलात तर एखाद्या शिस्तशीर सत्संगासारखं दिसेल.

यांची अमेरिकेतली शाखा न्यू मेक्सिकोत, साधारण १३० माणसं. मे १९९९ मध्ये ब्राझीलहून आलेली खेप कस्टम्सने पकडली, तपासात कळलं की त्याआधी १४ खेपा आलेल्या आहेत. त्यांनी रिफ्राखाली केंद्र सरकारवरच केस टाकली. सरकारने श्रद्धा खरी आहे आणि ओझं पडतंय हे दोन्ही मान्य करून टाकलं, आणि तीन कारणं पुढे केली, पिणाऱ्यांच्या आरोग्याला धोका, माल बाहेर बाजारात जाण्याचा धोका, आणि १९७१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार. खालच्या कोर्टाने दोन्ही बाजूंचे डॉक्टर ऐकले आणि म्हटलं की आरोग्य आणि गळती या दोन्ही मुद्द्यांवर पुरावा बरोबरीत आहे. आणि बरोबरी म्हणजे सरकार हरलं, कारण सिद्ध करायची जबाबदारी त्याची. वकिलीत असे क्षण थोडे असतात, मॅच ड्रॉ आणि कप तुमचा.

सुप्रीम कोर्टात फेब्रुवारी २००६ मध्ये ८ विरुद्ध ०, नववे जस्टिस अलिटो नुकतेच आलेले म्हणून त्यांनी भाग घेतला नाही. निकाल सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचा. सरकारचं म्हणणं होतं की कायद्यात अपवाद सुरू केले की बांध फुटेल. रॉबर्ट्स म्हणाले की हे तर सगळ्या काळातल्या बाबूंचं ठरलेलं उत्तर आहे, तुम्हाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल म्हणून कोणालाच नाही. शिवाय लाखो नेटिव्ह अमेरिकन लोकांना पेयोटेची सूट तुम्हीच दिलीये, मग या १३० लोकांनी काय घोडं मारलंय? (त्यांचे शब्द अर्थातच असे नाहीत, भावार्थ आहे.) आणि दारूबंदीच्या काळातही अमेरिकेने चर्चची वाइन आणि ज्यूंच्या विधीची वाइन वगळलेली होतीच. आपल्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही धार्मिक विधीच्या वाइनसाठी सरकारने परवानगी द्यायची सोय ठेवलेली आहे, बांद्र्याच्या चर्चमध्ये रविवारी कोणी धाड घालत नाही. ओळखीच्या धर्माचा अपवाद कोणाला खुपत नाही. त्यालाच आपण कायदा समजतो.

पण या निकालाने यूडीव्हीला काय मिळालं बघा. मोकळीक नव्हे. डीईएकडे, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ खात्याकडे, रजिस्ट्रेशन, आयातीचा परवाना, कुलपात साठा, किती आलं किती प्यायलं किती उरलं याच्या नोंदी. २००९ मध्ये ओरेगॉनमधल्या सांतो दाइमेच्या चर्चला, हा दुसरा ब्राझीलियन पंथ, १९३० च्या दशकात आक्रे राज्यात रायमुंदो इरिनेउ सेरा यांनी उभा केलेला, खालच्या फेडरल कोर्टात अशीच सूट मिळाली. त्यांनाही वेगळी केस लढावी लागली. यूडीव्हीचा निकाल हातात होता तरी! यावरूनच कळेल की बे एरियातल्या तिसऱ्याच कोणा चर्चने २००६ च्या निकालाकडे बोट दाखवणं म्हणजे काय.

मग केस न लढता रीतसर अर्ज करता येतो का? येतो. २००९ पासून डीईएने सांगून ठेवलंय की आमच्याकडे अर्ज करा. आता अर्जाची मेख सांगते. तुमचा धर्म, इतिहास, विधी, काय पिता, किती पिता, कुठून आणता हे सगळं खोटं बोलल्यास शिक्षेला पात्र अशा शपथेवर लिहून द्यायचं. आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत पिणं बंद. निकालाला मुदत नाही. म्हणजे एका हाताने गुन्ह्याची कबुली लिहून द्या आणि दुसऱ्या हाताने पूजा थांबवून बसा, वर्षानुवर्षं. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण खात्याने मे २०२४ मध्ये अहवाल दिला, त्यात २०१६ पासून जानेवारी २०२४ पर्यंत २४ अर्ज आणि मंजूर शून्य. याला दार म्हणायचं का, मला तर भिंतीवर काढलेलं दाराचं चित्र वाटतं. म्हणूनच जे टिकतात ते बहुतेक कोर्टातून. ॲरिझोनातल्या चर्च ऑफ द ईगल अँड द कॉन्डोरचा काढा कस्टम्सने अडवला, त्यांनी २०२२ मध्ये केस केली आणि २०२४ मध्ये सरकारने खटला न चालवता तडजोड केली. फ्लोरिडातल्या सोल क्वेस्टचं उलट झालं, २०२१ मध्ये डीईएने अर्ज फेटाळला, आणि २०१८ मध्ये तिथल्या शिबिरात आलेल्या एका तरुणाच्या मृत्यूच्या खटल्यात २०२४ मध्ये ज्युरीने दीड कोटी डॉलरच्या घरातली भरपाई लावली.

आता तो ५०१ सी ३. हा टॅक्सचा विषय आहे, ड्रग्जचा नाही. अमेरिकेत चर्चला टॅक्समाफीसाठी अर्ज करणं सक्तीचंच नाही, आणि जे अर्ज करतात त्यातले काही जण काढ्याचा उल्लेखच न करता फॉर्म भरतात, ध्यान, योग, निसर्ग असं काहीतरी गोड गोड लिहून. मग आलेलं पत्र साइटवर लावतात. प्रामाणिकपणे लिहिलं तर काय होतं त्याचं उदाहरण आयोवातलं, आयोवास्का चर्च ऑफ हीलिंग. त्यांनी खरं लिहिलं, आयआरएसने, म्हणजे टॅक्स खात्याने, नाकारलं, कारण डीईएची सूट नाही म्हणजे काम बेकायदा, आणि २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने आयआरएसची बाजू उचलून धरली. म्हणजे त्या पत्राचा अर्थ दोनांपैकी एक, एकतर डीईएची सूट आहे नाहीतर आयआरएसला सगळं सांगितलेलं नाही.

लोक मला विचारतात की मग कोर्टाला खरी श्रद्धा कळते कशी, आत डोकावून बघतात का. नाही, पण आजूबाजूला बघतात. १९६८ मध्ये निओ-अमेरिकन चर्च नावाचा प्रकार वॉशिंग्टनच्या कोर्टात आला होता. त्यांच्या पुजाऱ्याला म्हणायचं 'बू हू', चिन्ह तीन डोळ्यांचा बेडूक, आणि चर्चची चावी कुठली तर बाटली उघडायचा ओपनर. जजसाहेबांनी त्यांचं पुस्तक वाचून काढलं आणि शांतपणे लिहिलं की यात मला धर्म दिसत नाही. एलएसडीचा प्रचार करणाऱ्या टिमथी लिअरीने त्याआधी टेक्सासमध्ये मॅरिवाना सापडल्यावर मी हिंदू झालोय असा बचाव केला होता, १९६७ मध्ये अपील कोर्टाने तो ऐकला नाही. (दोन वर्षांनी तो सुप्रीम कोर्टात सुटला पण वेगळ्याच मुद्द्यावर, हिंदू धर्माचा त्यात काही हात नाही.) सगळ्यात शिकण्यासारखा खटला २०१० चा. ॲरिझोनातलं एक जोडपं, गांजा हीच आमची देवता, आणि मुळं पार झरथुष्ट्री हओमापर्यंत जोडलेली, म्हणजे आपल्या सोमाचा भाऊच म्हणा. पकडले गेले ७८ किलोंसह. आणि पुराव्यात निघालं की माल वाहणाऱ्या माणसाला चर्चची दीक्षा दिली होती आदल्या रात्री. निकाल लिहिणारे जज गोर्सच, जे आता सुप्रीम कोर्टात आहेत आणि धर्मस्वातंत्र्याचे मोठे कैवारी मानले जातात. तेही म्हणाले, हा धंदा आहे.

दीक्षेच्या तारखा, पैशांचा हिशेब, कुलपं. कोर्ट श्रद्धा इथे शोधतं. तत्त्वज्ञानाची शंभर पानं मला क्लायंट आणून देतात आणि मी म्हणते ठेवा बाजूला, रजिस्टर दाखवा.

एक प्रसंग सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. चाळीसेक लोकांचा एक गट, खरोखर चांगली माणसं, एक निवृत्त नर्स, एक सुतार, दोन शाळामास्तर. अर्ज करायचा म्हणून मी त्यांची जागा बघायला गेले. मागच्या खोलीत फ्रिज, फ्रिजला कुलूप, मला बरं वाटलं. मग बघते तर किल्ली फ्रिजच्याच दारावर लोहचुंबकाला लटकवलेली. आत लोणच्याच्या असतात तशा काचेच्या बरण्या, त्यावर कागदी टेप, त्यावर पेनाने 'स्ट्राँग' आणि 'नेहमीचं'. तारीख नाही, किती मिली ते नाही. कोण प्यायलं याचं रजिस्टर म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवरचे अंगठे. येणाऱ्याला कुठली औषधं चालू आहेत हे विचारणारा फॉर्म नव्हता, निवृत्त नर्सबाई तोंडी विचारायच्या आणि लक्षात ठेवायच्या. मी यादी दिली तर प्रमुख म्हणाले, हे अध्यात्म आहे हो, गोदाम नाही. मी म्हटलं मान्य, पण यूडीव्ही जिंकली कारण गळतीचा मुद्दा सरकारला सिद्ध करता आला नाही, आणि तुमच्या फ्रिजवरचं ते चुंबक सरकारने कोर्टात आणलं तर मला बोलायला तोंड राहणार नाही. ते नाराज झाले आणि एका स्वस्तातल्या कन्सल्टंटकडे गेले ज्याने त्यांना सर्टिफिकेट, कार्डं आणि भिंतीवर लावायचं एक सुंदर सनद असं पॅकेज दिलं. दोन वर्षांनी परत आले, पार्सल अडकल्यावर. सनद फ्रेम करून आणली होती, सोबत! मला तो नवाहो माणूस आठवला, फरक एवढाच की त्याच्या फ्रेममागे पिढ्या होत्या.

राज्यांचंही एक वाक्य. काही राज्यांनी स्वतःचा रिफ्रा केलाय. यूटाने २०२४ मध्ये केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रोव्होमधल्या सिंग्युलॅरिझम नावाच्या छोट्या पंथावर पोलीस गेले, ते सायलोसायबिन मशरूमचा चहा देतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये फेडरल जजनी पोलिसांना तात्पुरतं रोखलं. पंथ जेमतेम दोनएक वर्षांचा, तरी श्रद्धा प्रामाणिक वाटली.

हे वाचून आपल्याकडच्या वकील मित्रांच्या भुवया वर जातात. कारण भारतात प्रश्न उलटा विचारला जातो. १९५४ च्या शिरूर मठ निकालापासून आपल्याकडे कोर्ट बघतं की ही गोष्ट त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का. २००४ मध्ये आनंदमार्गींच्या तांडव मिरवणुकीचा निकाल आला, पंथ १९५५ चा, तांडव सुरू केलं १९६६ मध्ये, मग ते अत्यावश्यक कसं, असं म्हणून नाकारलं. अमेरिकेत नवेपणा आड येत नाही, खोटेपणा येतो. इकडे उलट, कितीही खरं असा, जुनं नसलात तर अडचण. आणि महाशिवरात्रीच्या भांगेचं उदाहरण कोणी द्यायच्या आधी सांगते, ती धर्मामुळे वाचलेली नाही, कागदावर तरी. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं वगळलेली आहेत, शेंडे नसतील तर, म्हणून भांग त्या कायद्याबाहेर, बाकी राज्याचा अबकारी कायदा. डीएमटी आणि मेस्कलिन मात्र एनडीपीएसच्या यादीत सरळ नावानिशी आहेत. त्यामुळे तिकडून 'थोडंसं आईला दाखवायला' बाटलीत भरून आणायचा विचारही नको, आणि हे मी उगाच लिहीत नाहीये, मला एकाने विचारलेलं आहे.

आता भाऊ. इमिग्रेशन माझं मुख्य काम नाही पण या विषयात ते टाळता येत नाही. अमेरिकन नागरिकाला अशा चर्चमध्ये जाण्याचा धोका बहुतेक वेळा सैद्धांतिक असतो, सरकार सहसा मेंबरांच्या मागे लागत नाही, माल आणि प्रमुख यांच्या मागे लागतं. परदेशी माणसाचं गणित वेगळं. त्याला शिक्षा व्हायची गरज नाही. ड्रग्जच्या कायद्याखालचा गुन्हा केला असं त्याने अधिकाऱ्यासमोर नीट कबूल केलं तरी प्रवेश नाकारता येतो, आणि ग्रीन कार्डच्या मेडिकलमध्ये डॉक्टर ड्रग्जच्या वापराबद्दल विचारतो, तिथे उत्तरावरून 'ॲब्यूज' असा शेरा पडला तर किमान वर्षभर फाइल अडकते. कॅलिफोर्नियात गांजा चालतो म्हणून खरं बोलून गोत्यात आलेली आपली मुलं मी पाहिली आहेत. आणि खोटं बोलणं हा त्याहून मोठा खड्डा, ते जन्मभर चिकटतं. चर्चकडे खरी सूट असेल तर गोष्ट वेगळी, कारण मग मुळात गुन्हाच नाही. म्हणून सगळं येऊन थांबतं एका कागदापाशी.

तो कागद मागायला सांगा. डीईएचं रजिस्ट्रेशन, किंवा कोर्टाचा आदेश, किंवा सरकारबरोबरचा तडजोडीचा करार, आणि त्यावर याच संस्थेचं नाव हवं, भगिनी संस्थेचं नको, 'आमचे गुरू ज्या चर्चमध्ये शिकले' त्याचं नको. दाखवला तर केस नंबर टाकून सार्वजनिक रेकॉर्डवर तपासता येतो, दहा मिनिटांचं काम. 'आमच्या वकिलांकडे आहे' असं उत्तर आलं तर नाही असं समजा. सूट नसतानाही चर्च मनाने प्रामाणिक असू शकतं, अशी बरीच आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण ज्याची फाइल लागलीये त्याने तिथे बसायचं नाही. भावाने आत्तापासून थांबावं, कार्ड पाकिटातून काढावं, ग्रुपवर फोटो टाकणं बंद करावं, आणि मेडिकलच्या तारखेआधी, नंतर नव्हे, इमिग्रेशनच्या वकिलाला सगळं खरं सांगावं. वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही.

आणि एक शेवटचं, प्रश्नात ओझरतं लिहिलंय की त्याला डिप्रेशनची गोळी चालू आहे. मगाशी त्या वेलीचं सांगितलं ना, एन्झाइम अडवते ती. ती वेल आणि तसली बरीच औषधं एकत्र आली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं, यूडीव्हीच्या खटल्यातही औषधांशी होणारी ही टक्कर हा आरोग्याच्या वादातला एक मुद्दा होता. चर्चने त्याला याबद्दल विचारलं होतं का हे आधी विचारा. आणि त्याने परस्पर गोळी बंद केली नाहीये ना, हेही विचारा, कारण काही ठिकाणी 'आठवडाभर आधी बंद करा' असं सांगतात आणि मुलं डॉक्टरला न कळवता बंद करतात. केली असेल तर वकिलाला उद्या फोन केला तरी चालेल, डॉक्टरला आज करा.